खारूचा पलंग

४ जानेवारी

सूनबाई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडण्यात गेला, आणि आता स्वतःच्या सुनेची लाइन लागेना! हसलीस ना? नसशील हसली तर राहू दे.

तुझा राग मला ठाऊक आहे. निघताना दारात उभी राहून तू काय म्हणालीस, ते शब्दन् शब्द लक्षात आहे माझ्या. "आई, माझं ट्रेनिंग संपेपर्यंतच खारू तुमच्याकडे. मार्चअखेर मी येणार आणि तिला घेऊन जाणार. मधे काही झालं, ती आजारी पडली, तुम्हाला झेपेनासं झालं, तर सरळ माझ्या आईकडे पाठवा." मी फाडकन दार लावलं. लावायला नको होतं, कबूल. पण पोर रांगायला लागली तेव्हापासून माझ्याच मांडीवर वाढली, आणि तू मला नोटीस दिल्यासारखं बोललीस. तुझा नवरा तर काय, माझ्या पोटचा असून नुसता चपला शोधत उभा राहिला.

असो. भांडायला नाही लिहायला बसले. बातमी द्यायला बसले आहे.

मागच्या रस्त्यावरचं ते बंद पडलेलं पाळणाघर पाडतायत. बाहेर फुटपाथवर ढीग टाकलाय, मोडक्या खुर्च्या, शाळेतले काळे फळे, फडताळं. त्यात मला लहान मुलाचा लाकडी पलंग दिसला, चारी बाजूंनी कठडे असलेला. एक पाय निखळलेला, रंगाचे पोपडे सुटलेले, पण लाकूड असं भरीव की ठोकलं तर बोटं दुखली. तिथला वॉचमन म्हणाला, "न्या आजी, नाहीतर उद्या जाळायलाच जाणार." मी आणि तो, दोघांनी धरून घरी आणला. तुझा नवरा ड्यूटीवरून आला, बघतो तर बैठकीत पलंग. म्हणाला, "आई, हा कुठल्या जन्माचा कचरा?" मी म्हटलं, तुझ्या मुलीचा पलंग आहे, नीट बोल.

मी कधी हातात पॉलिश पेपर धरलेला नाही, हे खरं. पण रिटायर झाल्यापासून हात नुसते बसून आहेत. खालच्या हार्डवेअरवाल्याकडून रंग खरवडायची पट्टी आणि निरनिराळ्या नंबरांचे कागद घेऊन आले. खारूला स्वतःचा पलंग होईल. तू येशील तेव्हा बघशील, ती इथे किती सुखात आहे ते. मला ती इथेच राहायला हवी आहे, सूनबाई. हे मी उगाच आडपडद्याने सांगत नाही.

खारू मजेत. परवा "आज्जी, चंद्र पडला" म्हणाली. दिवा गेला होता!

तुझी,
सासू (दुसरं काय लिहू?)


२२ जानेवारी

सूनबाई,

तुझा निरोप मिळाला. नवऱ्याच्या फोनवर का होईना, दिलास, हेच खूप. त्याने वाचून दाखवला. "आईंना सांग, जुन्या रंगात शिसं असतं. खरवडू नका. ती धूळ लहान मुलाच्या पोटात गेली तर विषासारखी असते. तो पलंग होता तिथे नेऊन टाका."

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू? अगं, आमचं सगळं लहानपण असल्याच रंगाच्या खिडक्यांना नाक लावून गेलं. शाळेचे बाक तेच, दवाखान्याच्या खाटा त्याच. मेलो का आम्ही? तू तिथे बसून फोनवर चार ओळी वाचतेस आणि उंटावरून शेळ्या हाकतेस. तुला पलंगाचं वावडं नाही, माझ्या हातचं वावडं आहे.

तरी तुझं ऐकायचं म्हणून मी हार्डवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पाणी मारून घासा, धूळ उडणार नाही. मारलं. तर लाकूड फुगलं, वरची पट्टी वाकडी झाली, आणि सगळा चिखल. दुसऱ्या दिवसापासून कोरडंच घासते आहे. शिकाऊ माणसाला जे जमतं तेच तो करणार ना.

आधी गॅलरीत घासत होते. पण शेजारच्या शिंपीणबाईने बोंब मारली, तिच्या दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर हिरवट भुकटी बसली म्हणून. किती ते बोलणं, बाई! तोंडाचा नुसता पट्टा सुटला होता. म्हणून पलंग आत घेतला, मधल्या खोलीत, आणि खिडकी लावून घेतली. आता कुणाला त्रास नको. धूळ आमची आम्ही खाऊ.

रंगाखाली रंग निघतो, त्याचं मला फार नवल वाटतं. वर हिरवा, त्याखाली पिवळट, त्याखाली गुलाबी, सगळ्यात खाली जाड पांढरा. तो पांढरा निघता निघत नाही, पिठासारखी भुकटी पडते. संध्याकाळी केर काढते तर सुपली भरते.

खारू शेजारीच बसते. तिलाही एक पॉलिश पेपरचा तुकडा दिलाय, तोंडाने "खर्र खर्र" आवाज काढत लाकडी ठोकळा घासते. मी काम केलं की ती काम करते. पांढऱ्या भुकटीत बोट बुडवते आणि चाटते. रागावले तर म्हणते, "गोड." मी लगेच पदराने तोंड पुसते, एवढी काही मी बेअक्कल नाही.

नाव मी ठेवलं खार, आणि ती सिद्ध करून दाखवते. जे दिसेल ते कुरतडायचं!

सासू


१४ फेब्रुवारी

सूनबाई,

रविवारी तू खारूला बघायला फोन केलास तेव्हा ती झोपली होती. खरंच झोपली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही. हल्ली ती दुपारची फार झोपते, वाढतं अंग आहे.

पलंगाचा निखळलेला पाय बसला. सुताराने जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात नवा पलंग येईल, म्हणून मीच बसवला. जुना सरस खरवडून काढायचा, खाच साफ करायची, नवा सरस भरायचा आणि पाय दाबून बांधून ठेवायचा, असं त्याच्या दुकानात उभी राहून बघून आले. शिकंजा नव्हता, तर माझ्या जुन्या साडीच्या काठाने करकचून बांधला आणि वर पाटा ठेवला. दोन दिवसांनी सोडला तर काय, जागचा हलेना! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. खारूने नाही वाजवल्या, ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती.

तिचं पोट थोडं दुखतंय. शी घट्ट होते, दोन-दोन दिवस होत नाही. खायला नको म्हणते. हातात दिलेलं बिस्कीट फेकते, आणि हल्ली बारीकसारीक कारणावरून जमिनीवर लोळण घेते. दाढा येतायत. तुझा नवराही या वयात असाच होता, घर डोक्यावर घ्यायचा.

माझंही पोट अधूनमधून पिळवटतं, डोकं जड असतं. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव येते. वय झालं.

परवा तुझी आई आली होती. न कळवता. मी दार उघडलं तर मी आपादमस्तक पांढरी, केसांत भुकटी, हातात कानस. त्यांनी मला बघितलं, मग खारूला उचललं आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"विहीणबाई, हिच्या तोंडावर रक्त नाही हो. ओठ बघा."

"घरात असते, उन्हात फिरत नाही, म्हणून गोरी दिसते."

"गोरी नाही ही. कागदासारखी झालीय. डॉक्टरला दाखवलं का?"

मी म्हटलं, दात आले की दरवेळी डॉक्टर गाठायला मी काही नवशिकी आई नाही. त्या लगेच उठल्या. चहाही न घेता गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "थोडे दिवस माझ्याकडे देता का?"

नाही दिली. आता ही गोष्ट त्या तुला तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून आधीच लिहिते. त्यांना राईचा पर्वत करायची सवय आहे. पोर ठणठणीत आहे.

सासू


१० मार्च

सूनबाई,

तुझ्या यायला थोडेच दिवस उरले. पलंग आता बघण्यासारखा झालाय. खड्ड्यांत पुट्टी भरली, बारीक कागद फिरवला, वरून फिका निळा रंग. बाहेरून तर शोरूममधला वाटतो. कठड्यांच्या आतल्या बाजूचा जुना रंग मी काढला नाही, सळ्यांच्या मधे हात जात नाही आणि बोटं सोलवटून निघाली. तिथे तसाच नवा हात मारला. आत कोण बघतंय?

खारू त्यातच झोपते आता. खूप आवडला तिला. उभी राहून वरच्या पट्टीला दात लावते, निळ्याखालचा पांढरा दिसायला लागलाय. मी पुन्हा रंग लावते, ती पुन्हा कुरतडते. आमचा खेळच झालाय तो.

एक सांगायचंय. सांगू की नको, असं करत चार दिवस गेले. तू येऊन बघशील आणि मला म्हणशील लपवलं, त्यापेक्षा सांगते. खारू कमी बोलते आहे. चंद्र म्हणत नाही. पाणी म्हणायची, आता पेल्याकडे बोट दाखवते. "आज्जी" म्हणते, पण हाक मारल्यासारखं नाही. चालताना मधेच बसते. काल उंबऱ्यावर पडली, कपाळाला खोक पडली, लहानशी. नवे बूट जड आहेत, दुसरं काही नाही.

तुझा नवरा रोज उठून डॉक्टर, डॉक्टर करतो. काल तर आवाज चढवला माझ्यावर, जन्मात पहिल्यांदा. "आई, ती माझ्याकडे बघते पण तिला मी दिसत नाही." मी म्हटलं, तू दिवस-दिवस घरी नसतोस, पोर विसरणारच. तो रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, भिंतीकडे तोंड करून रडत होता, आणि माझा जीव असा घाबरा झाला की मी त्याच्यावरच खेकसले.

का नेत नाही मी डॉक्टरकडे, विचारशील. तुला माहीत आहे का नेत नाही. काही निघालं तर तूच म्हणाली आहेस, सरळ माझ्या आईकडे पाठवा. एकदा ती तिकडे गेली की मला वाढदिवसाला तासभर दाखवायला आणाल, माझ्या हातात खेळणं देऊन परत घेऊन जाल. थोडे दिवस. दाढा येऊन जाऊ देत, बूट बदलू देत, पोर हसायला लागू दे. मग तू ये.

खरं तर तुझं ते शिशाचं मनात येतं. येत नाही असं नाही. काल केर भरताना हात थांबला. मग म्हटलं, एवढ्याशा भुकटीने काय होतंय? आणि होत असेल तर आता पलंग रंगवून झालाय, सगळं झाकलं गेलंय. झाकलं गेलं म्हणजे संपलंच ना?

तूच सांग. की नको सांगूस.

सासू


१३ मार्च, दवाखान्याच्या व्हरांड्यातून

सूनबाई,

तुझा नवरा तुला घ्यायला स्टेशनवर येतोय, त्याच्या हातात हे देते आहे. फोनवर त्याने तुला सांगितलंच असेल की खारूला दवाखान्यात ठेवलंय. बाकीचं त्यालाही पुरतं माहीत नाही, म्हणून माझ्या हाताने लिहिते.

काल सकाळी मी पलंगाला शेवटचा हात मारत होते. ती आतच बसली होती. कठड्याला धरलेला तिचा हात एकदम ताठ झाला, डोळे वर गेले आणि अंग झटके द्यायला लागलं. मी ओरडले. शिंपीणबाई धावत आली, तिनेच रिक्षा थांबवली. मी होते तशी, रंगाच्या साडीत, पोरीला छातीशी धरून बसले.

इथे डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी झटके थांबवले. मग मला बाजूला घेऊन शांतपणे विचारायला लागल्या. तुझा नवरा तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता.

"घरात रंगकाम चाललंय का? तुमच्या साडीवर रंग आहे."

"पलंगाला हात मारला. नवा रंग आहे."

"जुनं काही घासलं, खरवडलं? जुना रंग?"

मी म्हटलं, "नाही."

पुन्हा वाच, हवं तर. मी नाही म्हटलं. तू निरोप पाठवला होतास, शब्द मला पाठ होते, आणि मी एका डॉक्टरच्या तोंडावर, पोर आत तशी पडलेली असताना, नाही म्हटलं. मला दिसत होतं की हो म्हटलं की संपलं. खारू गेली तुझ्याकडे, तुझ्या आईकडे, कुठेही, पण माझ्याकडे नाही.

त्यांनी मान हलवली. मग आतल्या डॉक्टरांशी बोलताना मी ऐकलं. मेंदूचा ताप असेल, पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढून बघावं लागेल. आत दोघी-तिघींनी खारूला कुशीवर वळवलं. गुडघे पोटाशी आणून धरले. एवढीशी पाठ. सुई दिसली मला.

मी पडदा ओढून आत शिरले. म्हटलं, थांबा, मी खोटं बोलले. शिसं आहे. पाळणाघरातला जुना पलंग, बंद खोलीत, दोन महिने मी कोरडा घासला, ती शेजारी बसायची, ती चाटायची, ती त्यातच झोपते. मी सगळं एका दमात बोलले, तुझ्या नवऱ्याला निरोप वाचायला लागला होता त्याहून कमी वेळात. डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवायला सांगितली. मेंदूला सूज असेल तर ती सुई पोरीच्या जिवावर बेतली असती, असं त्या मागाहून म्हणाल्या. त्यांनी मला एक थप्पड मारली असती तर बरं झालं असतं.

रक्त तपासलं. शिसं निघालं, भरपूर. ते बाहेर काढायचं औषध आहे, ते सुरू केलंय. जीव वाचेल म्हणतात, आता नक्की म्हणतात. बोलणं किती परत येईल, चालणं नीट होईल का, पुढे शाळेत काय, त्यावर त्या म्हणाल्या, आज नाही सांगता येणार. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाल्या.

खारूला आता त्या घरात पाऊल ठेवता येणार नाही. भुकटी सगळीकडे आहे. गाद्यांत, पडद्यांत, फटींत, तिच्या खेळण्यांवर. कपाटातल्या माझ्या सगळ्या साड्यांवर. माझ्या केसांत. माझंही रक्त घेतलं, त्याचं काय व्हायचं ते होवो. पलंग म्युनिसिपालिटीची माणसं वेगळा गुंडाळून नेणार आहेत. मी त्याला हात लावणार नाही. तुझ्या आईला मी स्वतः फोन केला. म्हटलं, विहीणबाई, दवाखान्यातून सुटली की तिला तुमच्याकडे न्या, आणि मी दारात आले तर मला आत घेऊ नका. त्या रडल्या. मला वाटलं होतं चार शब्द सुनावतील.

आता मघाचं सांगते, आणि थांबते.

औषधाने खारू शुद्धीवर आली. मला दाराशी उभी बघितली आणि दोन्ही हात पुढे केले. "आज्जी," म्हणाली. या खेपेला हाक मारल्यासारखंच म्हणाली. मी एक पाऊल टाकलं आणि नर्सने मला अडवलं. "आजी, तुम्ही नाही. या कपड्यांत नाही. तुमच्या अंगावर अजून ते आहे."

मी हात मागे घेतले. पाठीमागे नेऊन घट्ट धरले, कारण ते आपोआप पुढे जात होते. खारू वाट बघत राहिली. तिला काय कळणार? तिला वाटलं, आज्जी रागावली. रडली नाही ती. हात खाली घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तू आलीस की माझ्याशी काय बोलायचं ते नंतर बोल. मी इथे व्हरांड्यातच आहे, कुठे जात नाही. आधी आत जा आणि तिला उचलून घे.